जेवढा हवा तेवढाच आवाज : पॅसिव्ह प्रीअॅम्पविषयी

घरी गाणं ऐकण्याची हौस असलेला माणूस आधी स्पीकर घेतो, मग अॅम्प्लिफायर घेतो, आणि पुढे कधीतरी त्याला कुणीतरी सांगतं की आता एक चांगला प्रीअॅम्प बघा. त्या टप्प्यावर आलेल्या वाचकासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. पैसे मोजण्याआधी त्यानं आपल्या घरातल्या यंत्रांचे तीन-चार आकडे कागदावर मांडावेत, एवढीच माझी अपेक्षा. ते मांडले की बहुतेक घरांत असं दिसतं की सिग्नल वाढवायची गरजच नाही, कमी करायची आहे. आणि कमी करायला वीज लागत नाही.

पॅसिव्ह प्रीअॅम्प म्हणजे पत्र्याची एक पेटी. मागे आरसीए सॉकेट, पुढे सीडी, डॅक, ट्यूनर यांतून एक निवडायचा सिलेक्टर स्विच आणि व्हॉल्यूमचा पॉट. आत ट्रान्झिस्टर नाही, आयसी नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, मागे मेनची वायर नाही. आलेला सिग्नल आहे तसा पुढे देणं किंवा कमी करून देणं, याखेरीज ही पेटी काही करू शकत नाही. टोन कंट्रोल नाही, रिमोट बहुधा नाही. इतक्या साध्या वस्तूवर पुस्तिका कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण असं की ही वस्तू साधी असली तरी तिची जुळणी साधी नाही. दोन्ही बाजूंची यंत्रं तिला अनुकूल असली तर हजारभर रुपयांत ती असं ऐकवते की महागड्या यंत्राची आठवण होऊ नये. अनुकूल नसली तर तीच पेटी गाण्यातलं तेज घालवते. मग लोक म्हणतात, पॅसिव्हमध्ये दम नाही.

प्रीअॅम्प हे वेगळं यंत्र मुळात रेकॉर्डमुळे जन्माला आलं. १९४८ साली लाँगप्ले रेकॉर्ड आली. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो आणि पॉवर अॅम्प्लिफायरला पूर्ण ताकद द्यायला साधारण १ व्होल्ट लागतो. म्हणजे दोनशे पट वाढ हवी. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाची बाजू मुद्दाम दाबलेली आणि वरची बाजू उचललेली असते. ते उलट करून मूळ तोल परत आणावा लागतो. त्यासाठीची आरआयएए ही प्रमाण पद्धत १९५४ पासून रूढ झाली. टेपच्या हेडमधूनही मिलिव्होल्टच येत. ही सगळी कामं एका ठिकाणी करणारं यंत्र म्हणजे प्रीअॅम्प, आणि त्या काळी ते अत्यावश्यकच होतं.

१९८२ साली सीडी बाजारात आली आणि हे गणित पालटलं. सीडी प्लेअरच्या मागच्या सॉकेटमधून थेट २ व्होल्ट मिळू लागले. पुढे डॅक बनवणाऱ्यांनीही तोच आकडा धरला. दोनशे पट वाढवायचं काम संपलं, पण यंत्र मात्र दुकानातल्या फळीवर तसंच राहिलं.

आता एक सरळ हिशेब. ५० वॉटचा अॅम्प्लिफायर ८ ओमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीनं वाजवतो तेव्हा त्याच्या टोकांवर २० व्होल्ट असतात. अशा अॅम्प्लिफायरचा गेन बहुधा वीस पटींच्या आसपास असतो. म्हणून त्याला १ व्होल्ट आत दिला की तो पूर्ण भरला. सीडी देते २ व्होल्ट. मध्ये काहीही न वाढवता व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी सीडीवरचा सर्वांत मोठा स्वर अॅम्प्लिफायरच्या कुवतीच्या दुप्पट होतो. आता मध्ये पाच पट गेनचा अॅक्टिव्ह प्रीअॅम्प घाला. तोच स्वर १० व्होल्टचा होईल, गरजेच्या दहा पट. व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या नऊच्या आकड्यापुढे जाताच घर दणाणतं, असा अनेकांचा अनुभव असतो. 'केवढी ताकद आहे' असं त्याचं कौतुकही होतं. खरं म्हणजे ती ताकद नव्हे. तो नको असलेला गेन आहे, आणि त्याची किंमत रात्री हळू आवाजात ऐकताना मोजावी लागते.

ती किंमत कोणती, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. अॅक्टिव्ह प्रीअॅम्पमध्ये बहुतेक वेळा आधी व्हॉल्यूमचा पॉट येतो आणि त्याच्यामागून वाढवणारा टप्पा. त्या टप्प्याची स्वतःची थोडी हिस असते. पॉट कमी केला की गाणं कमी होतं, हिस होत नाही, कारण ती पॉटच्या पुढे जन्मलेली आहे. पुढचा पॉवर अॅम्प्लिफायर ती पुन्हा वीस पट करतो. उत्तम बनावटीच्या यंत्रात ही हिस इतकी कमी असते की कान स्पीकरला लावल्याशिवाय कळत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. मध्यम किमतीच्या आणि जुन्या यंत्रांत ती कळते. पॅसिव्हमध्ये वाढवणारा टप्पाच नसल्यानं ती येत नाही. पॅसिव्हच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. 'शुद्ध आवाज', 'नैसर्गिक आवाज' वगैरे विशेषणांपेक्षा मी त्याला जास्त किंमत देतो.

आमच्याकडे जे ऐकलं जातं त्याला हा मुद्दा विशेष लागू पडतो. आमचं मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागणारं छोटं शहर. इथल्या श्रवणाची मुळं कोल्हापुरात आहेत. शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. खाँसाहेबांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूर आणि कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी यांना तालीम मिळाली. १८८३ साली स्थापन झालेला देवल क्लब आजही कोल्हापुरात आहे. सुधीर फडके जन्मले १९१९ साली कोल्हापुरातच, आणि त्यांचं गीतरामायण १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचलं. या संगीतात तानपुऱ्याचा झंकार गाण्याच्या मागे सतत असतो. मिरजेच्या कारागिरांनी जवारी लावलेला तानपुरा असेल तर त्यातून षड्जाबरोबर गंधारही ऐकू येतो. दोन स्वरांच्या मधल्या जागेत यंत्राची हिस शिरली तर पहिला बळी या गंधाराचा जातो.

यातलं बरंचसं ध्वनिमुद्रण मोनो आहे. दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येतो आणि गायक बरोबर मधोमध उभा राहायला हवा. पॅसिव्ह प्रीअॅम्पची परीक्षा घ्यायला याहून चांगलं साधन नाही. जुनं मोनो मुद्रण लावा, दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसा आणि व्हॉल्यूम हळूहळू कमी करत न्या. स्वस्त पॉट असेल तर एका जागी आवाज मधून सरकून एका स्पीकरकडे झुकतो. गायक बसल्या जागेवरून उठून डावीकडे गेल्यासारखं वाटतं. स्टीरिओ मुद्रणात हा दोष लपून जातो, इथे लपत नाही.

असं का होतं? व्हॉल्यूमचा पॉट म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पॉट, डाव्या बाजूचा एक आणि उजव्या बाजूचा एक. दोघांवरचा कार्बनचा थर अगदी सारखा कधीच बसत नाही. वरच्या भागात फरक नगण्य असतो, खालच्या भागात वाढतो. आणि रात्रीचं ऐकणं सगळं खालच्या भागातच चालतं. १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर धरा. रात्री ६० डेसिबलवर ऐकायचं तर त्याला दीड मिलिवॉटच्या आसपास पुरतं. तेवढ्यासाठी अॅम्प्लिफायरच्या इनपुटला साधारण साडेपाच मिलिव्होल्ट लागतात. सीडीवरची सरासरी पातळी सर्वोच्च पातळीच्या २० डेसिबल खाली, म्हणजे ०.२ व्होल्ट धरली, तर पॉटला तिचा छत्तिसावा हिस्साच पुढे द्यायचा आहे. १० किलोओमच्या पॉटमध्ये ही जागा तळापासून अवघ्या २८० ओमवर येते. दोन्ही बाजू नेमक्या इथेच जुळायला हव्यात, आणि साधे पॉट नेमके इथेच चुकतात.

हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. पॉट कुठेही जोडलेला नसताना मल्टिमीटर ओमवर ठेवा, मधल्या पिनेपासून ग्राउंडच्या पिनेपर्यंत एका बाजूचा रोध मोजा, दांडा न हलवता दुसऱ्या बाजूचा मोजा. एकीकडे २८० ओम आणि दुसरीकडे ३५० भरले तर फरक जवळजवळ २ डेसिबलचा आहे. मोनो मुद्रणात तो स्पष्ट ऐकू येईल. दुकानातून एकाच किमतीचे चार-पाच पॉट घ्या, असे मोजा, सर्वांत जुळणारा वापरा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर मीटर खिशात घेऊनच जा. घेताना अक्षरही पाहा. 'ए' छापलेला पॉट लॉग असतो, तो हवा. 'बी' छापलेला लिनिअर. तो दुकानात जास्त मिळतो, पण त्यात सगळा आवाज सुरुवातीच्या थोड्याशा फिरवण्यातच उरकतो. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर २४ पायऱ्यांचा अॅटेन्युएटर. त्यात कार्बनच्या थराऐवजी प्रत्येक पायरीला एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर असतात आणि दोन्ही बाजू सगळीकडे जुळून राहतात. आवाज पायरीपायरीनं बदलतो, एवढं चालवून घ्यावं लागतं.

आता इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलच्या वाटेतला रोध. पॅसिव्हविषयीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, आणि विक्रेते याच्याविषयी फारसं बोलत नाहीत.

अॅक्टिव्ह प्रीअॅम्प सिग्नल पुढे देतो तेव्हा स्वतःच्या बळावर देतो. पुढच्या केबलचं आणि अॅम्प्लिफायरचं ओझं त्याला जाणवत नाही. पॅसिव्हला स्वतःचं बळ नाही. पुढचं ओझं पॉटच्या रोधातूनच वाहिलं जातं. निम्म्या व्होल्टच्या जागी पॉट असताना हा रोध सर्वांत जास्त असतो, पॉटच्या किमतीच्या पाव हिस्सा. १०० किलोओमच्या पॉटमध्ये तो २५ किलोओम, १० किलोओमच्या पॉटमध्ये अडीच. शिल्डेड केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कॅपॅसिटन्स असतो. अॅम्प्लिफायर स्पीकरांजवळ ठेवून पाच मीटरची केबल ओढली तर ५०० पिकोफॅरड झाले. १०० किलोओमच्या पॉटबरोबर याचा परिणाम असा की १२.७ किलोहर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलनं उतरतो. झांजेची धार, तबल्याच्या चाटेचा टणत्कार, सतारीच्या मिजराबीचा आघात, सगळं बोथट होतं. १० किलोओमच्या पॉटबरोबर तीच केबल १२७ किलोहर्ट्झपर्यंत काही बिघडवत नाही. म्हणजे दोष पॅसिव्हचा नव्हता, पॉटच्या किमतीचा आणि केबलच्या लांबीचा होता.

मग सगळीकडे १० किलोओमच का लावू नये? कारण दुसऱ्या बाजूला सीडी प्लेअर किंवा डॅक आहे आणि पॉटचं ओझं त्याच्यावर पडतं. आजच्या यंत्रांचा आउटपुट इम्पीडन्स पाच-सहाशे ओमच्या आत असतो, त्यांना १० किलोओम काहीच वाटत नाही. व्हॉल्व्हवाल्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याचा आउटपुट इम्पीडन्स काही किलोओम असू शकतो आणि बाहेर पडायच्या वाटेवर कॅपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असला आणि पुढे १० किलोओम आले तर ३४ हर्ट्झलाच खर्ज ३ डेसिबलनं खाली येतो. डग्ग्याची घुमक पातळ होते. अशा घरात पॅसिव्ह लावू नये, किंवा मोठ्या किमतीचा पॉट घेऊन केबल हातभराच्या आत ठेवावी.

पुढच्या बाजूचंही पाहा. अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स पॉटच्या किमतीपेक्षा किमान काही पट जास्त असला पाहिजे. सध्या हौशी मंडळींत टीपीए३११६ या आयसीचे क्लास-डी बोर्ड फार चालतात. त्यांचा इनपुट इम्पीडन्स निवडलेल्या गेनप्रमाणे बदलतो. २० डेसिबलला ६० किलोओम, २६ ला ३०, ३२ ला १५ आणि ३६ ला फक्त ९. बोर्ड ३६ डेसिबलवर ठेवून त्यामागे ५० किलोओमचा पॉट लावला तर मधल्या जागी साडेसात डेसिबल नुसते जुळणीत जातात आणि पॉटची चालही बिघडते. तोच बोर्ड २० डेसिबलवर आणा, पॉट १० किलोओमचा करा, तक्रार राहत नाही. गेन निवडायची सोय बोर्डवर रेझिस्टरच्या रूपात असते. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाचं पाच मिनिटांचं काम आहे ते.

या सगळ्या आकड्यांमागे माझा एक हेतू आहे. मलकापुरात दहा प्रीअॅम्प मांडून आळीपाळीनं ऐकवणारं दालन नाही. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, कुठेच नाही. मोठ्या शहरातला माणूस ऐकून ठरवतो. आम्हाला वाचून ठरवावं लागतं, आणि वाचायला मिळतात त्या बहुतेक जाहिराती. पण मल्टिमीटर टीव्ही दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात आहे आणि यंत्रामागच्या कागदावर इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी छापलेली असते. तालुक्याच्या गावातला श्रोता एवढ्यावर स्वतःचा निर्णय घेऊ शकतो, अशी माझी खात्री आहे.

आमच्या हवेनं शिकवलेली एक गोष्ट इथेच सांगतो. घाटाजवळचा पाऊस जूनमध्ये बसतो तो सप्टेंबरपर्यंत हटत नाही. भिंती ओलसर असतात, कपाटातल्या कॅसेटना बुरशी येते, आणि उघडे सिलेक्टर स्विच काळे पडतात. दसऱ्यापर्यंत एक बाजू मधूनच गायब व्हायला लागते, पॉट फिरवला की खरखर येते. पॅसिव्हमध्ये बिघडण्यासारखं दुसरं काही नसल्यानं सगळा भार या दोन संपर्कांवरच असतो. तेव्हा स्विच बंदिस्त घ्यावा किंवा निवडीसाठी सीलबंद रिले वापरावेत. रिलेला मात्र थोडी वीज लागते. गंज काढायचे सर्वसाधारण स्प्रे पॉटमध्ये मारू नयेत. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तोच वापरावा. पेटी धातूची असावी आणि तिचं अंग सिग्नलच्या ग्राउंडला जोडलेलं असावं. नाहीतर नॉबला हात लावताच हम सुरू होते.

ज्यांचं मुख्य ऐकणं रेकॉर्डवर आहे त्यांनी जरा थांबावं. महाराष्ट्रात रेकॉर्ड जपणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली आणि जुन्या मुद्रणांची नोंद ठेवण्याचं मोलाचं काम तिनं केलं. या मंडळींना रेकॉर्डचा सिग्नल वाढवणारी फोनो स्टेज लागणारच, पॅसिव्ह त्याची जागा घेऊ शकत नाही. ४० डेसिबलची फोनो स्टेज ५ मिलिव्होल्टचे ०.५ व्होल्ट करते. त्यापुढे पॅसिव्ह लावला तर १ व्होल्टला भरणारा ५० वॉटचा अॅम्प्लिफायर साडेबारा वॉटच्या आसपास थांबतो. दहा बाय बाराच्या खोलीत एवढं पुष्कळ आहे. दिवाणखाना मोठा असेल आणि स्पीकर मंद असतील तर कमी पडेल. तिथे जास्त गेनची फोनो स्टेज घ्यावी किंवा सरळ चांगला अॅक्टिव्ह प्रीअॅम्प घ्यावा. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

दोन्हींच्या मधली एक वाटही आहे. पॉटच्या पुढे बफर, म्हणजे व्होल्ट न वाढवता फक्त ओझं उचलणारा टप्पा. अमेरिकेतले डिझायनर नेल्सन पास यांनी २००८ साली बी१ नावाचा असा बफर हौशी लोकांसाठी खुला केला. दर बाजूला मोजके जेफेट आणि १८ व्होल्टचा पुरवठा, एवढ्यावर तो चालतो. केबल लांब असेल किंवा अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स कमी असेल, तर पॅसिव्हशी झगडत बसण्यापेक्षा हा मार्ग मला पटतो.

तुलना करताना एक पथ्य पाळा. जो जोरात वाजतो तो कानाला चांगला वाटतो, मग तो चांगला असो वा नसो. पॅसिव्ह काढून अॅक्टिव्ह लावला आणि 'प्राण आला' असं वाटलं, तर आधी दोन्हींची पातळी सारखी करा. १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा, दोन्ही वेळा आकडा एकच येऊ द्या, मग मत बनवा. हळू आवाजात खर्ज कमी वाटतो तो कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली तो मोजून दाखवला, आणि जुन्या अॅम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण त्यासाठीच असे. पॅसिव्हवर ते नसतं. डग्गा अंगावर यायलाच हवा असं ज्यांना वाटतं त्यांना टोन कंट्रोलचा अॅक्टिव्ह प्रीअॅम्प जास्त मानवेल.

माझा निर्णय मी लपवत नाही. २ व्होल्ट देणारा सीडी प्लेअर किंवा डॅक, १ व्होल्टला भरणारा आणि ३० किलोओमच्या पुढचा इनपुट असलेला अॅम्प्लिफायर, मीटर-दीड मीटरची केबल, एवढं घरात असेल तर १० किलोओमचा जुळवलेला पॉट घालून पॅसिव्ह प्रीअॅम्प स्वतः बनवा किंवा गावातल्या कारागिराकडून बनवून घ्या. यातला एक आकडा जरी चुकत असेल तर पुढच्या प्रकरणांत त्यावरचा उपाय बघा. वाचायला बसताना अॅम्प्लिफायर आणि प्लेअरची माहितीपत्रकं शेजारी काढून ठेवा. हरवली असतील तर मॉडेल नंबर टिपून आणा. पहिल्या प्रकरणात लागणार आहे.

मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर